सुरगाण्याहून नाशिक किती लांब?

महाराष्ट्रात कुठल्यातरी सुनेच्या मृत्यूची बातमी आली की आठवडाभर दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, कायदे आणखी कडक करा, जामीन देऊ नका, खटला जलदगती न्यायालयात चालवा. दुसरी म्हणते, खोट्या तक्रारींनी घरे बसतात, म्हातारे सासू-सासरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, पुरुषांसाठीही आयोग नेमा. दोघांचेही सारे बोलणे कोर्टापर्यंत पोचलेल्या बाईबद्दल असते. जी पोचलीच नाही तिचा विषय निघत नाही, आणि संख्येने तीच सर्वांत जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. याच सर्वेक्षणाचा देशाचा आकडा असा, की हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागणे सोडाच, कुणाजवळ तोंडही उघडले नाही. ज्यांनी मदत मागितली त्यांतल्याही बहुतेकींची धाव माहेरापर्यंतच. मग शिक्षा सात वर्षांची असावी की दहा, यावर भांडून या ७७ टक्क्यांना काय मिळणार आहे?

माझे म्हणणे सरळ आहे. कायद्यात जे लागते ते बहुतेक सगळे लिहिलेले आहे. बाईच्या घरापासून त्या कायद्यापर्यंतचा रस्ता मात्र कुणी बांधलेला नाही. म्हणून नाशिकसारख्या जिल्ह्यात यापुढचा पैसा आणि यापुढचा माणूस जिल्ह्याच्या गावी आणखी एक केंद्र उभारण्यात घालू नये. बाई रोज ज्या वाटेने जाते त्या वाटेवर तो लावावा: ग्रामीण रुग्णालयात, आठवडे बाजाराच्या गावी, द्राक्षबागेच्या वस्तीवर.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांनी तोही पुरता वाचलेला नसतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसा मानला आहे. कलम १७ प्रमाणे बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्याच्या नावावरच्या घरालाही हे लागू होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येते. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी, नोटीस दोन दिवसांत बजावली जावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता हा कायदा नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याच्या एखाद्या पाड्यावरून चालत निघून गाठायचा, तर काय काय करावे लागेल? पाड्यावरून पायी फाट्यापर्यंत, फाट्यावरून जीपने सुरगाणा, तिथून एसटीने वणी, दिंडोरी करत नाशिक. मार्च २०२३ पासून बाईला एसटीचे तिकीट अर्धे झाले, ही खरोखर मोलाची गोष्ट. पण एका वेळचे अडीच-तीन तास अर्धे झालेले नाहीत. नाशिकला उतरल्यावर त्र्यंबक रोडवरचे सिव्हिल हॉस्पिटल एका टोकाला, महिला व बालविकासाची कचेरी दुसरीकडे, कोर्ट तिसरीकडे. पोलीस सांगणार, तुमची हद्द सुरगाण्याची, तिथल्या ठाण्यात जा. प्रत्येक टेबलावर तीच हकिगत पहिल्यापासून सांगायची, कडेवरच्या मुलासमोर. चार वाजता परतीची गाडी पकडायची, कारण ती चुकली तर रात्री कुठे राहणार? एका फेरीत काम होत नाही आणि दुसऱ्या फेरीला घरात कारण सांगता येत नाही. शिवाय बुडालेली मजुरी वेगळी. जिल्ह्यात असे पंधरा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार एकसष्ट लाखांवर लोक. सुरगाणा आणि पेठची भाषा वेगळी, मालेगावची वेगळी. हेल्पलाइनवर प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कोकणा बोलणारी बाई कितपत मोकळेपणी उत्तर देईल?

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो गैरवापराचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९८३ साली दंड संहितेत घातलेल्या, नवरा आणि सासरच्यांच्या छळाविरुद्धच्या ४९८-अ कलमाखाली, जे आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झाले आहे, नवऱ्याबरोबर लग्न होऊन गेलेली नणंद आणि परगावचा दीरही गोवला जातो, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. २०१४ साली सरसकट अटकेला त्याने लगाम घातला तो याचमुळे. हे मान्य करूनच पुढे जावे. पण असे का होते, याचाही विचार करा. बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. मार थांबावा, घरात राहता यावे, मुलांच्या शाळेला पैसे मिळावेत, एवढेच मागणे असते. ते मागणे पुरवणारा कायदा म्हणजे हाच २००५ चा, मुळात दिवाणी वळणाचा. तो चालवायला संरक्षण अधिकारी लागतो, म्हणजे बाईची हकिगत नोंदवून तिला कोर्टापर्यंत नेणारा, याच कायद्याखाली नेमलेला सरकारी माणूस. तो भेटत नाही. पोलीस ठाणे मात्र प्रत्येकीला माहीत असते. मग ती तिथे जाते, आणि तिथे मिळते ते एक तर फौजदारी कलम, नाहीतर काहीच नाही. फौजदारी कायद्यावरचा बोजा आणि त्याचा अतिरेक कमी करायचा असेल, तर दिवाणी दार उघडे ठेवणे हाच मार्ग आहे. गैरवापराची खरी काळजी असलेल्यांनी तर तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी मिळावा म्हणून आमच्याही आधी मोर्चा काढायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त मायेचा असतो, म्हणून जास्त अवघड. ‘घर मोडू नये, समजुतीने घ्यावे.’ बायकांनाही तेच हवे असते, हे मी वर म्हटलेच आहे. पण ही समजूत ठाण्यात कशी घातली जाते ते जवळून पाहा. अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईची आधी एनसी लिहिली जाते, म्हणजे अदखलपात्र. मग नवऱ्याला फोन करून बोलावतात. दोघांना एकाच बाकावर बसवतात, बाजूला सासरा आणि गावचा एखादा पुढारी. त्यांच्यासमोर तिला विचारतात, ‘बोल, काय तक्रार आहे?’ ती काय बोलणार? रात्री तिला त्याच घरात जायचे असते. शेवटी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून घेतात, ‘यापुढे त्रास देणार नाही’, दोघांच्या सह्या होतात आणि प्रकरण मिटले असे समजतात. त्या कागदामागे कायद्याचे बळ नसते. उद्या त्याने पुन्हा हात उचलला, तर हमीपत्र मोडले म्हणून कुणाला अटक होत नाही. तेच आश्वासन मॅजिस्ट्रेटने कलम १८ खाली आदेशात लिहिले असते, तर ते मोडणे हाच गुन्हा ठरला असता. समुपदेशनाला या कायद्यात जागा आहेच. पण त्याचे नियम सांगतात, की हिंसा का केली याचे समर्थन करायला त्या बैठकीत वाव नाही, आणि ती पुन्हा होणार नाही ही हमी आधी. ‘तिचेही चुकतेच की’ या वाक्याने सुरू होणाऱ्या बैठकीला समुपदेशन म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सरकारी आहे: जागृती कमी आहे, फलक लावू, अभियान राबवू. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, संकटात ११२, कायदेशीर मदतीला १५१००. हे नंबर माहीत हवेतच, त्याला विरोध नाही. पण ज्या घरात मोबाइल एकच आहे आणि संध्याकाळी नवरा कोणाकोणाला फोन लागले ते तपासतो, तिथे नंबर पाठ असून काय उपयोग? याहून गंभीर गोष्ट अशी, की जागृती करून दारापर्यंत आणलेली बाई दारावरून परत पाठवली गेली तर ती सहसा पुन्हा येत नाही, आणि ‘जाऊन काही होत नाही’ हे तिच्याकडून शेजारच्या चौघींना कळते. एका वाईट अनुभवाने गावभरच्या पोस्टरांवर पाणी पडते. म्हणून आधी माणूस बसवावा, मग फलक लावावा.

वाट दाखवणाऱ्यांनी वाटेचा विचार कसा करायचा असतो, हे महाराष्ट्राला नव्याने शिकायचे नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांपुढे तेव्हा विहीर नाहीतर अंदमान असे दोनच रस्ते होते. फुल्यांनी नुसते घर उघडून ठेवले नाही. त्यांनी गावात जाहिराती लावल्या, आणि त्यांतला मजकूर त्या बाईच्या भीतीला एकेक करून उत्तर देणारा होता: गुपचूप या, कुणाला कळणार नाही; सुरक्षित बाळंत व्हा; मूल न्यायचे की ठेवायचे हे तुम्ही ठरवा. गुप्तता, सुरक्षितता, निर्णयाचा हक्क. आजच्या आमच्या केंद्रांवर लांबून वाचता येईल अशा अक्षरांत ‘पीडित महिला’ असे लिहिलेले असते. त्या पाटीखालून आत जाताना तिला कोण कोण पाहते, याचा विचार पाटी रंगवताना कुणी केला का? आणि हक्क कागदावर असणे व हाताला लागणे यांतले अंतर समजायला १९२३ चा बोले ठराव आठवावा. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी १९२७ च्या मार्चपर्यंत त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नव्हते. या दोन दुःखांची मी तुलना करत नाही. सरकारने ठराव केला की काम झाले, या समजुतीकडे मात्र बोट दाखवते आहे.

अलीकडची दोन उदाहरणेही इथलीच आहेत. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला: ठाण्याच्या आवारात, पण खाकी नसलेली, प्रशिक्षण घेतलेली समाजकार्यकर्ती. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचे मदतकेंद्र उभे राहिले. त्यामागचा विचार साधा होता. बाईला दवाखान्यात जायला कुणी अडवत नाही, तिथे ती का गेली हे कुणी विचारत नाही. ओपीडीच्या गर्दीतून ती एका खोलीत जाते आणि बाहेर येते, एवढेच लोकांना दिसते.

हे नाशिकच्या तालुक्यांत कसे उतरवायचे? सुरुवात केसपेपरच्या खिडकीपासून करावी. तिथे नवरा शेजारी उभा असतो आणि तोच सांगतो, ‘घरात पाय घसरून पडली.’ तसेच लिहिले जाते, आणि वर्षभराने कोर्टात हाच कागद तिच्या विरुद्ध वाचला जातो. परिचारिकेने एवढेच करायचे, की त्याला औषध आणायला किंवा एक्स-रेचा कागद घेऊन पाठवायचे, आणि तेवढ्या पाच मिनिटांत तिला एकटीला विचारायचे, ‘घरी कोणी मारते का?’ उत्तर मिळाले तर डॉक्टरने तिच्याच शब्दांत लिहावे: कोणी, कशाने, कधी, कुठे. जखमांची लांबी-रुंदी आणि रंग लिहावा, शरीराच्या आकृतीवर खूण करावी, जुने वळ वेगळे नोंदवावेत. नियम इतके स्पष्ट आहेत, की कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे नमुना १ मधली हिंसेची अधिकृत नोंद, झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तो झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने स्वतः नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. किती ग्रामीण रुग्णालयांच्या कपाटात नमुना १ चे कोरे फॉर्म ठेवलेले आहेत, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी एका दिवसात मोजून घेण्यासारखे आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. गरोदर बाई त्या दिवशी येतेच, बरोबर बहुधा सासू असते. लघवीच्या तपासणीची डबी घेऊन ती आत जाते, तेवढाच वेळ ती एकटी असते. त्या दाराच्या आतल्या बाजूला नंबर लिहिलेली बोटभर चिठ्ठी असावी, ब्लाउजमध्ये मावेल अशी, वर ‘हिंसा’ हा शब्द नसलेली. हे सांगायला क्षुल्लक वाटते. मला ते मंत्रालयातल्या एखाद्या परिपत्रकाहून मोलाचे वाटते. तसेच संरक्षण अधिकाऱ्याने आठवडे बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात बसावे, कारण बाजाराला जाते म्हटले की कुणी संशय घेत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकीलही त्याच दिवशी तिथेच. अहवाल, नमुना २ चा अर्ज आणि तातडीच्या अंतरिम आदेशासाठी नमुना ३ चे प्रतिज्ञापत्र एकाच बैठकीत तयार व्हावे. हा तिसरा कागद बरेचदा जोडलाच जात नाही. मग समोरचा हजर होईपर्यंत बाई विनाआदेश राहते. त्याच्या हजेरीलाही वेळ लागतो, कारण नोटीस ‘घराला कुलूप’ असा शेरा मारून परत येते. आणि अहवालाशिवाय अर्जच घेत नाही असे कुणी म्हणाले, तर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अहवाल बंधनकारक नसल्याचे सांगितले आहे, हे वकिलाने तिथल्या तिथे दाखवावे.

‘माणसे कुठून आणायची?’ हा शेवटचा आक्षेप, आणि यात तथ्य आहे. संरक्षण अधिकाऱ्याचे काम अनेक ठिकाणी अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेले असते. अंगणवाड्या, पोषण आहार आणि बैठका यांतून उरलेल्या वेळात कुणाचा जीव वाचवायचा? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. पण २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’साठी काय झाले ते आपण पाहिले. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत सरकार पोचले, पाड्यापाड्यावर अंगणवाडी सेविकेने अर्ज भरले. यंत्रणेचे हात तिथपर्यंत पोचतात, हे सिद्ध झाले आहे. नाशिकला तर हे जास्त कळायला हवे. सिंहस्थात हरवलेल्या म्हातारीला कुणी सांगत नाही, की आधी कचेरीत जाऊन अर्ज द्या. हरवले-सापडलेची चौकी घाटाच्या वाटेवर असते, तिथला माणूस तिला बसवतो, पाणी देतो, आणि मग नाव-गाव विचारतो. पंधरा तालुक्यांना पंधरा पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, मालेगावला जादा एक आणि तिथे उर्दू येणारी मदतनीस, ही या जिल्ह्याला न पेलणारी मागणी नाही.

मात्र आशाताईंवर हे ओझे टाकू नये, हे मी आग्रहाने सांगेन. गावातली आशा त्याच गावात राहते. कधी ती सासरच्यांच्या भावकीतली असते, कधी तिला रात्री धमकी येते, आणि तिच्या कामाला मिळणारा मोबदला आधीच तुटपुंजा आहे. तिने वाट दाखवावी, मध्यस्थी करू नये. कलम ४ प्रमाणे हिंसेची माहिती कुणीही देऊ शकते, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर ठपका येत नाही, हे तिला लेखी मिळावे. शिवाय बाईसाठीचा नमुना ५ चा सुरक्षा आराखडा आशाला समजावून द्यावा: आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले आणि दोनशे रुपये एका पिशवीत घालून ती पिशवी सासरच्या नव्हे, बाईच्या विश्वासातल्या घरी ठेवायची. रात्री निघायची वेळ आली तर हेच शोधण्यात बाई अडकते.

रात्रीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. ‘सखी’ या सरकारी मदतकेंद्रात तात्पुरता निवारा मिळतो तो साधारण पाच दिवसांचा, तोही जिल्ह्याच्या गावी. त्यापुढे शक्ती सदन हे सरकारी निवाराघर, पण ठरावीक वयापुढचा मुलगा बरोबर चालत नाही, आणि आई मुलाला मागे ठेवून येत नाही. तालुक्याला दोन खाटांची तरी सोय रुग्णालयाच्या आवारात हवी. पोलिसांचे पत्र आणा, आधी अहवाल आणा, असे निवाराघराने म्हणू नये. नियमाप्रमाणे अहवालाअभावी निवारा नाकारताच येत नाही.

आणि हे सगळे कधी सुरू करावे? ऑक्टोबरच्या छाटणीआधी. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे तेव्हा दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात, मळ्यातल्या खोपटांत महिनोन्‌महिने राहतात. तिथे मार खाल्लेल्या बाईला आज ‘तुझ्या तालुक्यात जा’ असे सांगितले जाते. कलम २७ म्हणते, की ती तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे काम करते तिथल्या कोर्टातही अर्ज करू शकते. म्हणजे ती बाई छाटणी संपेपर्यंत दिंडोरीचीच आहे, आणि तिचा अहवाल लिहिणे हे दिंडोरीच्या अधिकाऱ्याचे काम आहे.